साळवे मास्तर आणि एकशे बारा

साळवे मास्तर माझ्याशी पहिल्यांदा जे बोलले ते असं : "बाई, सत्तेचाळीस धरा."

मला नोकरीवर हजर होऊन तासही झाला नव्हता. शेवगावहून टायपिंगची परीक्षा पास होऊन मी त्या उसाच्या संशोधन केंद्रात टंकलेखिका म्हणून आले होते. केंद्र नगरपासून एसटीने दीड तासावर, कालव्याच्या पट्ट्यात. शिपाई मला एकेक खोली दाखवत होता. प्रयोगशाळेत खिडकीपाशी एक उंच, वाळके गृहस्थ मायक्रोस्कोपवर वाकून बसले होते. तेवढ्यात बाहेरून केंद्राचे प्रमुख दिघेसाहेब यांनी त्यांना हाक मारली. ते उठले, माझ्याकडे बघून सत्तेचाळीस धरायला सांगितलं आणि निघून गेले.

मी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. शिपायाला विचारलं, "काय धरू?"

"आकडा," तो म्हणाला. "ते येईपर्यंत इसरू नका. मागच्या आठवड्यात माझ्याकडून एकुणसाठ सांडला, तर दोन दिवस बोलले न्हाईत."

मी तिथेच उभी राहून मनात सत्तेचाळीस, सत्तेचाळीस म्हणत राहिले. दहा मिनिटांनी ते आले, हात पुढे केला, जणू मी त्यांची छत्री सांभाळत होते. मी म्हटलं, "सत्तेचाळीस." ते "आभारी आहे" म्हणाले आणि पुन्हा वाकून अठ्ठेचाळीसपासून पुढे मोजू लागले.

पुढे सवय झाली. केंद्रातल्या प्रत्येकाने कधी ना कधी मास्तरांचा आकडा धरलेला होता. पोस्टमनने धरला होता. पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने पाना हातात घेऊन त्र्याण्णव धरला होता. मी एकदा सुचवलं की कागदावर लिहून ठेवत जा. ते म्हणाले, "कागदावर लिहिलेला आकडा थंड पडतो, बाई. माणसाकडे असला की ऊब राहते."

त्यांचं पूर्ण नाव शांतवन साळवे. घर भिंगारला. सोमवारी पहाटेच्या गाडीने यायचे, आठवडाभर क्वार्टरमध्ये राहायचे आणि शनिवारी दुपारी परत जायचे, कारण रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायचे. म्हणून ते 'मास्तर'. सरकारी कागदावर ते प्रयोगशाळा सहायक होते. पांढरा सदरा, वर बारा महिने कोट, आणि उजव्या हाताचा अंगठा कायम लालभडक. मुळाचं टोक एका लाल रंगात बुडवून, काचेवर ठेवून, वरून अंगठ्याने दाबायचं, हे त्यांचं रोजचं काम, आणि तो रंग काही केल्या जात नसे. नवीन पोस्टमन आला तेव्हा त्याने रजिस्टर पत्र पुढे केलं, मास्तरांचा अंगठा पाहिला आणि शाईची डबी काढून म्हणाला, "आजोबा, हितं उठवा." मास्तरांनी शांतपणे अंगठा उठवला. नंतर खाली झोकदार इंग्रजीत सहीही केली. मी विचारलं, अंगठा का उठवलात? म्हणाले, "त्याने डबी उघडली होती. बंद करायला लावणं बरं दिसलं नसतं."

त्यांच्या आकड्यांनी एकदा मला चांगलंच अडचणीत आणलं. रोपवाटिकेसाठी आठ बादल्या हव्यात असं पत्र मी टाइप करत होते आणि त्याच वेळी मास्तरांचा एक्क्याऐंशी धरून बसले होते. पत्रात 'बादल्या, नग ८१' असं गेलं. साहेबांनी सही केली, कारण ते पत्रं वाचत नसत, फक्त तारीख बघत. सात महिन्यांनी ट्रक आला आणि त्यातून एक्क्याऐंशी बादल्या उतरल्या. दिघेसाहेबांनी मला बोलावलं. मी पुरती घाबरले होते. मास्तर माझ्याआधीच आत उभे होते. म्हणाले, "साहेब, आकडा माझा होता. बाईंकडे फक्त ठेवायला दिला होता." साहेबांना त्या वाक्याचा अर्थ लागेना, आणि अर्थ न लागल्यामुळे त्यांना रागावताही आलं नाही.

आता मास्तर मोजायचे काय, ते सांगायला हवं. मला ते पारूबाईमुळे कळलं. पारूबाई रोपवाटिकेत खुरपणी करणाऱ्या बारा बायकांची मुकादम. तोंडाने फटकळ आणि हाताने भारी चलाख. एकदा ती मातीच्या हातांनीच प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी दीस दीस त्या नळकांड्यात काय बघता, ते एकदा आमाला सांगा. बायका मला इचारत्यात."

मास्तरांनी तिला आणि मला स्टुलावर बसवलं. म्हणाले, आपला जाड ऊस गोड असतो, पण नाजूक. पाणी तुटलं की मान टाकतो. ओढ्याकाठी कासाचं रानगवत असतं, ते गोड नाही, पण कशाने मरत नाही. दोघांचं लग्न लावलं तर गोड आणि चिवट पोर होईल, अशी आशा. दक्षिणेतल्या एका केंद्रात असं लग्न लावतात आणि तुऱ्याचं बी आपल्याकडे पुडीतून येतं.

"मंग झालं की," पारूबाई म्हणाली.

"झालं नाही. उसाच्या तुऱ्यात नर आणि मादी दोन्ही असतात. पुष्कळदा ती बापाची वाट बघतच नाही. बी धरतं, रोप येतं, सगळे म्हणतात संकर झाला. पण ते एकट्या आईचंच असतं. वरून बघून खात्री पटत नाही. आत बघावं लागतं. आत बारीक दोऱ्यांचे तुकडे असतात, ते मोजायचे. उसात ऐंशी. कासात चौसष्ट."

"मंग पोरात दोघांचं निम्मं निम्मं," मी शाळेत शिकलेलं आठवून म्हटलं.

"इथे तसं होत नाही. बाप निम्मे देतो, बत्तीस. आई सगळेच्या सगळे देते. ऐंशी आणि बत्तीस, एकशे बारा. एकशे बारा आले की खरा संकर."

पारूबाईने हाताची वाळलेली माती झटकली. मग म्हणाली, "आई समदं देती, ह्यात नवीन काय सांगितलं? ह्याला नळकांडं कशाला लागतंय?" आणि उठून गेली. मास्तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खूश होते.

या मोजणीची बातमी आसपास कशी पसरली कोण जाणे, पण एका सकाळी तिसगावकडचे एक वयस्कर शेतकरी मोठा फेटा बांधून आले. सोबत पंचविशीचा, मिशा राखलेला त्यांचा पुतण्या. वारलेल्या भावाचा मुलगा. भावाने दुसऱ्या जातीतली बाई घरात आणली होती, तिचा हा. वाटणीचं बोलणं निघालं होतं. काका म्हणाले, "तुमच्याकडं खरा का संकर ते बघायचं यंत्र हाय म्हनं. ह्याचं तेवढं बघून द्या. कागद द्या म्हंजे झालं."

पुतण्या खाली बघून उभा होता. मला वाटलं, मास्तर त्यांना बाहेर काढतील. त्यांनी काकांना खुर्ची दिली. मायक्रोस्कोपखाली एक काच लावली आणि म्हणाले, "बघतो की. पण आधी तुम्हाला रीत कळायला हवी. या काचेत एकशे बारा तुकडे आहेत. ऐंशी आईचे, बत्तीस बापाचे. बापाचे तेवढे वेगळे काढून दाखवा. तुम्हाला जमलं की मी लगेच तुमच्या पुतण्याचं बघतो."

काकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि डोळा लावला. पहिल्यांदा नव्वद भरले. मग एकशे चार. मग सत्त्याण्णव. घाम फुटला. मधेच म्हणाले, "हे समदं सारखंच दिसतंय." मास्तर म्हणाले, "हो. तीच अडचण आहे. पण तुम्ही मोजा, सापडेल." अकराच्या सुमाराला पुतण्या पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमी थकलाव. मी धरतो आकडा, तुमी निस्तं बघा." मग दुपारपर्यंत दोघं त्या टेबलाशी बसले होते. काका मोजत होते आणि पुतण्या आकडे धरत होता. शेवटी काकांनी डोळे चोळले, फेटा बांधला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ह्यातनं कुनाचं कोन ते देवालाच ठावं." दोघं एकाच सायकलवर गेले. पुतण्या चालवत होता. दिवाळीच्या सुमाराला तो एकटाच येऊन बाजरीची पिशवी ठेवून गेला. "काकानं दिली," एवढंच म्हणाला.

मी मास्तरांना विचारलं, खरंच कुणाला वेगळे ओळखता येतात का? म्हणाले, "मला तरी नाही येत, बाई. आकडा कळतो. कुठला कोणाचा, ते एकदा मिसळलं की मिसळलं." मग काच पुसत म्हणाले, "माझे पणजोबा ख्रिस्ती झाले. तेव्हापासून लोक आमच्यातलं जुनं किती नि नवं किती ते मोजताहेत. अजून कुणाचा आकडा जुळलेला नाही."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कालवा बंद झाला. विहिरीत पाय बुडेल एवढं पाणी. गावातली माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. आमच्या रोपवाटिकेत दोनशे बारा रोपं होती, एकाच पुडीतून आलेली, उसाची आणि कासाची. त्या बारा बायका एक्क्याऐंशी बादल्यांनी रांग लावून टँकरचं पाणी घालत होत्या. बादल्या जास्त आल्याबद्दल त्या वर्षी मला कुणी काही बोललं नाही.

दिघेसाहेबांनी वर कळवून टाकलं होतं की दोनशे बाराच्या दोनशे बारा रोपं खरे संकर आहेत. ते पत्रही मीच टाइप केलं होतं. आणि मास्तर मोजत होते : ऐंशी. ऐंशी. ऐंशी. पावसाळ्यात प्रत्येक रोपाच्या मुळाचं टोक कापून त्यांनी नंबर घालून बाटल्यांत ठेवलं होतं. रोज तीन-चार बाटल्या संपत होत्या आणि एकशे बारा काही येत नव्हते.

एके दिवशी साहेबांनी त्यांना बोलावलं. मी शेजारच्या खोलीत होते, मधे फक्त पार्टिशन.

"साळवे, पंधरा दिवसांनी पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत. संकर नाहीत म्हटलं तर रोपवाटिका बंद होईल. टँकर बंद होईल. त्या बारा बायका उद्यापासून खडीवर जातील. तुम्ही फक्त यादीवर सही करा."

पलीकडे मास्तरांनी यादीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "साहेब, एक तरी खरा निघू द्या. एक निघाला तर मला खोटं बोलावं लागणार नाही आणि बायकाही राहतील. अजून सव्वाशे बाटल्या आहेत."

त्या पंधरा दिवसांत मास्तर भिंगारला गेले नाहीत. रविवारची शाळाही बुडवली. डोळे लाल झाले, अंगठ्यासारखे. आम्ही सगळे त्यांचे आकडे धरत होतो. मी टाइप करताना आकड्यांच्या रांगेतली बटणं दाबायलाच घाबरत होते. मोठे साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर प्रयोगशाळेतून बाहेर आले आणि ओसरीवर उभे राहिले. मी म्हटलं, "किती धरू?"

"काही धरू नका. एकशे बारा आहेत. तीनदा मोजले. रोप नंबर एकशे सदतीस."

आम्ही दोघं जवळजवळ पळतच रोपवाटिकेत गेलो. एकशे छत्तीस होतं. एकशे अडतीस होतं. मधे एकशे सदतीस लिहिलेला पत्र्याचा बिल्ला होता आणि बिल्ल्याशी मोकळी जमीन.

पारूबाईला बोलावलं. ती आली, बिल्ला पाहिला आणि म्हणाली, "हितलं व्हय? मी उपटलं. गवत हुतं ते."

"ते गवत नव्हतं, पारूबाई," मास्तर म्हणाले. "तेवढं एकच गवत नव्हतं."

"मास्तर, बारीक पात, बुडाला धा-पंधरा फुटवं, पानाला टोचरी कूस. ऊस असा असतोय का? बाकीची कशी उसावानी दिसत्यात. म्हनून ती ठेवली आन हे काडलं. त्याला पानी कशाला पाजायचं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ते दोघांचं लेकरू होतं, बापावर गेलं होतं आणि म्हणून तण समजून फेकलं गेलं होतं. मास्तरांनी विचारलं, "फेकलंत कुठे?" तिने शेताच्या कडेचा लांबलचक बांध दाखवला. महिनाभराचं सगळं तण तिथे टाकलेलं. त्यातली तीस-चाळीस ठोंबं जुन्या पाटाच्या ओलीवर पुन्हा रुजलेली, आणि सगळ्यांवर गावातल्या शेळ्या चरून गेलेल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे मोठे साहेब आले. जाडजूड, दमलेले गृहस्थ, कपाळाला रुमाल. दिघेसाहेब त्यांना वाकलेली, पिवळी पडलेली रोपं दाखवत होते आणि म्हणत होते, "हे सगळे खरे संकर." तेवढ्यात मोठ्या साहेबांचं लक्ष बांधाकडे गेलं. तिथे कोट घातलेला एक उंच माणूस हातापायांवर रांगत होता. त्याच्यामागे पारूबाई.

"हे कोण?"

"आमचे साळवे," दिघेसाहेब म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. "ते संकर शोधताहेत."

"संकर तर इथे आहेत म्हणालात ना?"

मास्तर उठले, गुडघे झटकले आणि जवळ आले. मी दिघेसाहेबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मास्तर म्हणाले, "साहेब, इकडची मोजून झाली ती सगळी एकट्या आईची आहेत. दोघांचं आतापर्यंत एकच निघालं आहे. ते बांधावर आहे. कुठलं, ते अजून सांगता येत नाही."

मोठ्या साहेबांनी रुमाल काढून पिळला. मग ते पारूबाईला म्हणाले, "बाई, तुम्ही काय शोधताय?"

"मी न्हाई शोधत," पारूबाई म्हणाली. "मला गावलं. मास्तरांनाच पटंना." तिने एका ठोंबाकडे बोट केलं. "शेळ्या रोज हितनं जात्यात. बाकीचं एकदा खाल्लं की वाळून गेलं. हे चारदा खाल्लंय. दर बारीला पुन्हा हिरवं. आमच्या वड्याचं गवत बी इतकं निबर न्हाई."

"मोजल्याशिवाय नाही," मास्तर म्हणाले.

मोठे साहेब त्या ठोंबाजवळ गेले आणि बूट सांभाळत उकिडवे बसले. बराच वेळ बसून होते. मला वाटतं त्यांना उठता येत नव्हतं. मग म्हणाले, "मोजा. महिनाभर टँकर चालू ठेवतो."

मास्तरांनी बांधावरची सगळी ठोंबं मोजली. पारूबाईचं मुद्दाम शेवटी ठेवलं, म्हणजे मन आधीच तिकडे ओढणार नाही. बरीचशी साधं रानगवत निघाली. शेवटच्या ठोंबाची मोजणी तीन सकाळी चालली. तिसऱ्या सकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, अहवाल घ्या."

भांडण झालं ते अहवालावरून. मास्तरांनी लिहिलं होतं : रोप शोधले, श्रीमती पार्वतीबाई म्हस्के यांनी. दिघेसाहेब म्हणाले, "मजुराचं नाव अहवालात येत नाही. तुम्ही शोधलं असं लिहा."

"मी नुसतं मोजलं, साहेब. शोधलं तिने."

"अहो, उपटलंही तिनेच ना?"

"हो. तेही लिहिलं आहे. पुढच्या ओळीत."

साहेबांनी ती ओळ वाचली. 'सदर रोप गवत समजून उपटण्यात आले, बांधावर शेळ्यांनी चार वेळा खाल्ले, तरीही जिवंत राहिले.' त्यांना हसू आलं. मी त्या केंद्रात होते तेवढ्या वर्षांत त्यांना हसताना पाहिलं ते त्या एकदाच. ते म्हणाले, "जाऊ द्या तसंच." बायका खडीवर गेल्या नाहीत. पाऊस येईपर्यंत त्या एका ठोंबाला बारा जणींनी पाणी पाजलं, आणि मास्तरांनी रोज संध्याकाळी येऊन सांगितलं की ह्याला एवढं पाणी लागत नाही.

वर्षभराने एक लिफाफा आला. 'श्रीमती पार्वतीबाई म्हस्के, संशोधक' असा पत्ता. एका चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचावा असं निमंत्रण. मी तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "किती दीस?" तीन, मी म्हटलं. तिने मान हलवली आणि मला उत्तर सांगितलं. केंद्राच्या छापील कागदावर, आवक-जावक नंबर घालून, मी ते टाइप केलं : 'शेळी व्यायला झाली असल्याने येणे होणार नाही. क्षमस्व.' मास्तरांनी ते दोनदा तपासलं. 'येणे' ऐवजी 'उपस्थित राहणे' करावं का, यावर बराच विचार केला आणि तसंच ठेवलं.

त्या रोपाचा ऊस झाला तो करंगळीएवढा जाड. मास्तरांनी एक कांडं सोलून चघळलं आणि म्हणाले, "तुरट आहे." मग समजावलं की याचं लग्न पुन्हा गोड उसाशी लावायचं, त्याच्या पोरांचं पुन्हा, आणि त्यांच्या पोरांचं पुन्हा. पंधरा-वीस वर्षांनी कुठे साखर भरेल. त्यांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. ते उरलेलं कांडं शेवटपर्यंत चघळून संपवत राहिले. तोंड वाकडं झालं तरी थुंकले नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषणं नको म्हणून सांगितलं होतं, तरी साहेबांनी हार घातला. झेंडूचा, गुडघ्यापर्यंत येणारा. क्वार्टरमधलं सामान भिंगारला न्यायला टेम्पो आला होता. एक खाट, दोन ट्रंका, कोटाच्या खुंट्या असलेली फळी. मास्तर ड्रायव्हरशेजारी बसले. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. टेम्पो सुरू होईना.

ड्रायव्हरने दोन-तीनदा खटाटोप केला आणि म्हणाला, "जरा ढकला." शिपाई, मी, पारूबाई आणि तिच्या बायका, दिघेसाहेबसुद्धा, सगळे मागे लागलो. पन्नास पावलं ढकललं. मग मला शेजारी झेंडूचा वास आला. बघते तर मास्तर माझ्या बाजूला उभे राहून, कोटाच्या बाह्या सावरून, जोर लावत होते. कधी उतरले कुणाला कळलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही कशाला?" ते म्हणाले, "सगळे ढकलताहेत आणि मी बसून काय करू?"

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. टेम्पोने गचका दिला, काळा धूर सोडला आणि निघाला. पुन्हा बंद पडेल या भीतीने ड्रायव्हरने मागे वळून पाहिलंच नाही. आम्ही ओरडलो, पण आवाज इंजिनात गेला. खाट, ट्रंका आणि फळी नगरच्या रस्त्याला लागल्या.

मास्तरांनी धुरातून बाहेर येऊन चष्मा पुसला. हार सरळ केला. आमच्याकडे वळून एकदा मान लववली आणि टेम्पोच्या मागे चालायला लागले. धावले नाहीत. रस्ता सरळ होता, म्हणून ते बराच वेळ दिसत होते. पुढे लहान होत जाणारा टेम्पो, आणि मागे आपल्या नेहमीच्या चालीने जाणारा उंच, काळा कोट, गळ्यात पिवळं काहीतरी. पारूबाई डोळ्यांवर हात धरून बघत होती. पुढे बाभळींपाशी वळण होतं. आधी टेम्पो दिसेनासा झाला. मग थोड्या वेळाने मास्तर.